दम पोटात धरायचा

५ ऑगस्ट, सोमवार

आत्याबाई पडल्या. खरं लिहायचं तर माझ्या हातून पडल्या.

रोजचंच काम — सकाळी पलंगावरून खुर्चीत घेणं. काखेत हात घातले, ओढलं, आणि निम्म्यात माझी कंबर सुटली. मी फरशीवर, त्या माझ्या अंगावर. लागलं कुणालाच नाही. जूनमध्ये त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, तिथंही नाही. पण उठता येईना. त्यांना एकटीला नाही, मला त्यांना घेऊन नाही. चाळीस मिनिटं फरशीवर बसलो. सासू आणि सून, शेजारी शेजारी. त्या मध्येच म्हणाल्या, "आधी चहा तरी ठिवायचा व्हतास." शेवटी दूधवाले तात्याराव आले. एका बाजूने त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूने मी.

दवाखान्याच्या कागदावर आहे: म्हाळसाबाई, वय ७९, वजन ५८ किलो.

मी एक्कावन्न वर्षांची. माझी ताकद किती, ते आज कळलं.

६ ऑगस्ट, मंगळवार

पाथरीहून दिरांचा, परमेश्वरांचा फोन. आत्याबाईंनीच त्यांना कालची हकीकत सांगितली, वर हसत हसत. परमेश्वर हसले नाहीत.

"वैनी, तुमी एकल्या. तुमच्यानं उचलत न्हाई. इथं आमी चार माणसं हावोत. दिवाळी झाली की आईला घिऊन जातो."

बोलणं रास्त होतं. आत्याबाईंनी फोन मागून घेतला. "मी न्हाई यायची. पुन्हा इचारू नको." आणि माझ्या हातात परत दिला, उष्टं ताट द्यावं तसा.

धाकट्या जावेशी त्यांचं जमत नसावं.

माझा नवरा जीवन गेल्यापासून चार वर्षं या घरात आम्ही दोघीच. त्या गेल्या तर मी कॉलेजातून येऊन कुलूप उघडेन. त्या इथं हव्यात मला. हे मी कुणाला बोलणार नाही, पण इथं लिहून ठेवते — दिवाळीपर्यंत मला एकटीला त्यांना उचलता आलं पाहिजे.

९ ऑगस्ट, शुक्रवार

बी. ए. दुसऱ्या वर्षाची प्रियांका पोलीस भरतीची तयारी करते. तास संपल्यावर तिला विचारलं, गोळाफेक कुठं शिकतेस. "गोळा ग्राउंडवर मॅडम. पण ताकद ताईंकडं." ताई म्हणजे कोण, कुठं, किती वाजता, सगळं घेतलं.

"कुणासाठी मॅडम?"

"माझ्यासाठी."

तिने हसू दाबलं नाही, कारण तिला हसू आलंच नव्हतं. पोरीचं मन स्वच्छ आहे.

१२ ऑगस्ट, सोमवार

बंद पडलेल्या ऑइल मिलचं गोदाम. वर पत्रे, खाली रबराच्या मॅट. सरकीच्या तेलाचा वास अजून आहे. पहाटे पावणेसहाला अकरा जणी. सात भरतीच्या पोरी, दोन जावा, एक एसटीतली कंडक्टर, आणि मी पंजाबी ड्रेसमध्ये, ओढणी कुठं ठेवावी ते न कळून. घरी आत्याबाईंजवळ त्यांची देखभाल करणारी चांगुणाबाई येऊन झोपते. ती दिवसभर असतेच, आता पहाटेपासून. "झोपायचंच हाय ना, तिथं झोपते," म्हणाली. आहे एवढीशी, कंबर अधू. उचलायचं काम तिचं नाही.

शिकवते ती राजनंदिनी. सत्तावीस वर्षांची, विद्यापीठाकडून वेटलिफ्टिंग खेळलेली, मूळची ताडकळसची. आवाज आठवडी बाजारातला. नव्या बाईला सगळ्यांसमोर विचारते, कशासाठी आलात. इतर जणी कशासाठी आल्या तेही कळलं. भरती. शुगर. बाळंतपणानंतरचं पोट.

मी म्हणाले, "सासूला उचलायला."

मग कंडक्टर दैवशाला म्हणाली, "मॅडम, उचलायला का उचलून टाकायला?"

हसणं पत्र्यापर्यंत गेलं. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

पोलादी दांडीला इथं रॉड म्हणतात. नुसता रॉड पंधरा किलोचा. मला तोही दिला नाही. "आज काठी." पीव्हीसीची नळी खांद्यावर घेऊन पन्नास बैठका. घरी आले तेव्हा पायऱ्या चढायला दोन्ही हात लागले.

१४ ऑगस्ट, बुधवार

स्टाफरूममध्ये खुर्चीत बसताना "आई गं" मोठ्याने बाहेर पडलं. प्राचार्यांनी पेपर खाली केला.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

रॉड मिळाला. नुसता. मानेच्या हाडावर नाही, त्याच्या खाली मांसावर ठेवायचा असतो. तिथं मांस आहे हे मला माहीत नव्हतं.

२१ ऑगस्ट, बुधवार

आजचा प्रसंग पूर्ण लिहिते.

रॉड खांद्यावर, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच किलो. राजनंदिनी समोर उभी. म्हणाली, "मॅडम, दम धरा."

मी थांबले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. मागे रांगेत चार जणी.

"दम धरा ना मॅडम."

"धरलाय की. कधी बसायचं ते सांगा."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग दैवशाला मॅटवर बसलीच. "मॅडम, तुमी कामून थांबलाव? गाडी सुटली की कवाच!"

राजनंदिनीला श्वास म्हणायचा होता. पोटात हवा भरायची, अडवून धरायची, मग खाली जायचं. तिच्या ताडकळसात दम म्हणजे आधी श्वास. माझ्या शब्दकोशात दम धरणं म्हणजे सबुरी. सव्वीस वर्षं मराठी शिकवते. वाक्प्रचार सांगते, वाक्यात उपयोग करायला लावते. त्याच्या तळाशी पोट आहे हे आज पाठीवर वीस किलो आल्यावर कळलं.

दम धरला. बसले. उठले. पहिल्यांदा कंबर दुखली नाही.

घरी आत्याबाईंना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की चांगुणाबाई पाणी घेऊन आली. मग डोळे पुसत म्हणाल्या, "त्या पोरीचं खरं हाय. मेंढी उचलताना दम पोटातच धरायचा असतो. हातात धरून काय उपेग? हात तर नुसते दावं हायत."

त्यांनी आयुष्याची चाळीस वर्षं मेंढरांमागे काढली आहेत. इतके दिवस मी हे त्यांना का विचारलं नाही?

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आज जमिनीवरून उचलणं. वजनाच्या प्लेटा लहान म्हणून रॉड जुन्या टायरांवर ठेवतात. राजनंदिनीचं एकच पालुपद — रॉड अंगाला चिकटून. नडगीला घासत वर. लांब गेला की कंबरेत येतो. माझा दर वेळी लांब जातो. "मॅडम, तो काय पाव्हणा हाय का? जवळ घ्या की."

संध्याकाळी आत्याबाईंना पलंगावरून घेताना मुद्दाम लक्ष दिलं. हात काखेत, कोपर ताठ, माझी मान मागे. आमच्या दोघींमध्ये एक वीतभर हवा. त्यांनीही ओळखलं.

"मला कशी धरतीस माहिताय का? सोवळ्यातल्यावानी. मेंढीला असं लांब धरलं तर ती लाथा झाडती. छातीशी घ्यावं लागतं. मग ती पण गप ऱ्हाती."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मी त्यांच्या पाया किती वेळा पडले याचा हिशोब नाही. सणाला, प्रवासाला निघताना, निकाल लागल्यावर. पण त्यांचा खांदा कधी माझ्या खांद्याला लागलेला नाही. सुनेने सासूला मिठी मारण्याची आमच्याकडे रीतच नाही. मी ज्याला मान देणं समजत होते त्यानेच त्या माझ्या हातून पडल्या.

२४ ऑगस्ट, शनिवार

सकाळी त्यांना म्हणाले, "आज तुम्ही सांगाल तसं."

"वाक. न्हाई, कंबरेतून न्हाई, गुडघ्यातून. आता माझे हात तुझ्या मानंवर घे. ये अजून जवळ. लाजायलीस काय? मला बी लाज वाटायलीय, पण करावं तर लागंल."

त्यांची छाती माझ्या छातीला टेकली. केसांना खोबऱ्याच्या तेलाचा वास. हाडं किती जवळ आहेत. पोटात दम भरला. "हं," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, आणि आम्ही उभ्या राहिलो.

खुर्चीत बसवून मी चहा ठेवायला गेले. स्वयंपाकघरात थोडा वेळ ओट्याला धरून उभी होते.

२ सप्टेंबर, सोमवार

दोन दिवस पाऊस थांबला नाही. गोदामात घोट्याइतकं पाणी, क्लास बंद. चांगुणाबाईने पोळ्याचे मातीचे बैल आणले. आत्याबाईंनी त्यांच्याशेजारी एक मेंढी करून ठेवली. बैलांपेक्षा चांगली झाली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज बसले आणि उठलेच नाही.

तीस किलो. तिसरी बैठक. खाली गेले आणि वर यायची वाट सापडेना. राजनंदिनी ओरडली, "सोडा, मागं सोडा!" मागे दोन आडवे लोखंडी दांडे असतात, रॉड त्यांच्यावर टाकून पुढे निसटायचं. शिकवलेलं होतं. पण सोडवेना. हातच उघडेनात. काहीही हातातून पडू द्यायचं नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर मी मोठी झालेय. शेवटी दोन पोरींनी दोन्हीकडून धरलं.

मॅटवर बसून रडू आलं. लिहायला नको, पण आलं. डोळ्यांसमोर आत्याबाई, पंधरा ऑगस्टला पाडलेल्या आत्याबाई, पुन्हा त्याच.

दैवशाला शेजारी बसली. जिंतूर–परभणी फेरीची ड्युटी साडेसातला, तरी बसली. म्हणाली, "मॅडम, घरची म्हातारी येगळी, हे येगळं. हे लोखंड हाय. काचंचं न्हाई. पाडा की."

राजनंदिनीने मग सगळा क्लासच थांबवला. अकरा जणींनी ओळीने रॉड खाली टाकण्याचा सराव केला. धडाम. धडाम. माझ्यासाठी. कुणी तसं बोललं नाही. चौथ्या वेळी मला आवाज आवडायला लागला.

मॅडम सोडून मला मंजुताई म्हणायला लागलीय दैवशाला. आजपासून.

१६ सप्टेंबर, सोमवार

तीस किलो, पाच बैठका. एकदाही सोडावा लागला नाही. सोडता येतो, एवढं माहीत असणं पुरलं.

(वर "पंधरा ऑगस्टला पाडलेल्या" असं लिहिलंय. पाच ऑगस्टलाच पडल्या होत्या. रडताना लिहिलेलं तपासायचं नसतं. तसंच ठेवते.)

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सोयाबीन काढणी जोरात. क्लासातल्या दोघी जावा आठ दिवस आल्या नाहीत. आज आल्या तेव्हा बोटं फाटलेली, तरी रॉड धरला. मला त्यांच्यासमोर दमले म्हणायची लाज वाटली.

वर्गात आज एक कविता शिकवताना नेहमीपेक्षा मोठा आवाज निघाला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडमची तब्येत सुधारली." ते खरं आहे. खडू उचलायला वाकते तेव्हा टेबलाला धरत नाही. भाजीची पिशवी डावीकडून उजवीकडे करत नाही. या अंगाकडून मी एक्कावन्न वर्षं काम करून घेतलं आणि त्याच्याकडे एकदा बघितलं नव्हतं. त्याने काही मनात ठेवलेलं दिसत नाही. आठवड्यातले तीन तास दिले तर लगेच साथ द्यायला लागलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

टायरांवरून पन्नास किलो. एकदा.

उतरवल्यावर प्रियांकाने टाळी मागितली. विद्यार्थिनीला टाळी दिली. तिला ती नको तितकी जोरात बसली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

खंडेनवमी. आज उचलणं नाही, पूजा. रॉड धुऊन ओळीत ठेवले, प्लेटा थप्पीने. झेंडू, हळद-कुंकू. दैवशालाने आपलं तिकिटाचं मशीनही आणून शेजारी मांडलं. "ह्याच्यावर माझं घर चालतं, आन् ह्याच्यावर माझी कंबर." नारळ राजनंदिनीने फोडला, एका फटक्यात. सगळ्या म्हणाल्या, फोडणारच.

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं.

"मग मला बी कुकू लाव."

"का?"

"मी बी तुझं अवजारच हाय की. रोज दोन टाइम उचलतीस."

लावलं. पायाला लावायला वाकले तर म्हणाल्या, "पायाला न्हाई, कपाळाला. पायाचं लय झालं." त्यांच्या कपाळाला बेचाळीस वर्षांनी कुणीतरी कुंकू लावलं असेल. मामंजी गेले तेव्हा त्या सदतीस वर्षांच्या होत्या. चांगुणाबाई दारात उभी होती. मग आत्याबाईंनी माझ्या हातातून करंडा घेतला आणि तेच बोट माझ्याही कपाळाला टेकवलं.

दिवसभर पुसलं नाही. दोघींनीही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

साठ किलो. दोनदा.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

परमेश्वर आले. बोलल्याप्रमाणे, जीप घेऊन. मागचं सीट काढून गादी अंथरलेली, वर उशी. इतकी काळजी घेऊन न्यायला आलेल्या माणसाशी भांडायचं कसं?

फराळ झाला. मग ते उठले. "चल आई."

"मी सांगितलं व्हतं."

"आई, लोक मला इचारायलेत. आई भावजयीच्या गळ्यात कामून टाकली म्हणून. काय सांगू?" त्यांचे डोळे भरले होते. हे मला फोनवर कधी दिसलं नव्हतं.

मग त्यांनी काखेत हात घालून आईला उचलायला सुरुवात केली. आत्याबाई कळवळल्या. "अरं, खांदा उपटायलास का? माणूस हाय मी, तुरीचं झाड न्हाई!"

मी म्हणाले, "भाऊजी, व्हा जरा बाजूला."

पाय खांद्याइतके. वाकले गुडघ्यातून. त्यांचे हात माझ्या मानेवर. छाती छातीला. दम पोटात. उभ्या राहिलो. एरवी लगेच खुर्चीत बसवते. आज नाही बसवलं. तशीच त्यांना धरून उभी राहिले, त्यांचा चांगला पाय जमिनीवर, बाकी सगळा भार माझ्यावर. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. मग सावकाश खाली.

परमेश्वर म्हणाले, "किती उचलता म्हणं तुमी तिथं?"

"साठ किलो."

त्यांनी मनात कशाशी तरी ताडून पाहिलं. "म्हंजी सिमेटाच्या गोणीवर दहा किलो."

"एवढा तर तुझा मेंढा बी न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

ते हसले. खुर्चीत बसले. आणखी एक करंजी घेतली. "ऱ्हाऊ द्या मग. आता कुणी इचारलं तर सांगतो, वैनी सिमेट उचलतात." जाताना माझ्या पाया पडले. वयाने मोठे असून.

जीप रिकाम्या गादीसकट गेली.

४ नोव्हेंबर, सोमवार

क्लासमध्ये सांगितलं. दैवशालाने गोदामाच्या मधोमध शिट्टी मारली, कंडक्टरची, दोन बोटं तोंडात घालून. राजनंदिनी फक्त म्हणाली, "चला, रॉडवर या." पण तिने तोंड फिरवून नाक पुसलं ते मला दिसलं.

नावं लिहून ठेवावीशी वाटतात. राजनंदिनी. दैवशाला. प्रियांका. चांगुणाबाई, जी पहाटे अंधारात दार ढकलून येते आणि मी गेले की झोपायचं सोडून आत्याबाईंशी बोलत बसते. तात्याराव. परमेश्वरही. परमेश्वर सोडले तर यातल्या कुणाचीच मी काही लागत नव्हते. आणि आत्याबाई — त्यांनीच मला स्वतःला कसं उचलायचं ते शिकवलं.

घरात सगळं होतं तसं आहे. एवढं मागितलं होतं, तेवढं मिळालं.

६ नोव्हेंबर, बुधवार

क्लासहून आले तर आत्याबाई वाट बघत होत्या. "परमेसरला फोन लाव. गाडी घिऊन ये म्हणावं."

मला वाटलं, माझं काही चुकलं.

"न्हाई गं. मला मेंढरं बघायचीत. नातवाची पोरगी बघायचीय, चालायला लागली म्हणं. चार वर्षं झाली, माझा जीव तिकडंच हाय."

"मग भाऊबीजेला का नाही गेलात?"

"त्या दिशी तू उचललंस तवा मला कळलं." मग म्हणाल्या, "जीवन गेला तवा दूध उतू जायचं आन् तू नुसती बघत बसायचीस. तुला तशी टाकून कुठं जाऊ? म्हणून ऱ्हायले. आता तू तशी न्हाईस."

फोन लावून दिला. परमेश्वर रविवारी येतात. गाडीत मीच बसवेन.